डब्यात कॉम्प्युटर आहे, पण डबा कॉम्प्युटर आहे का?

भाचा अकरावीला आहे. परवा लाईट गेली म्हणून दुकानात येऊन बसला, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना. वही उघडून पाठांतर चाललेलं, "संगणक म्हणजे इनपुट घेऊन त्यावर प्रक्रिया करून आउटपुट देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र". मी म्हटलं, त्यातला इलेक्ट्रॉनिक शब्द काढ आणि समोर बघ, ती गिरण पण बसते की ह्यात. वरनं तांदूळ ओतले, मध्ये प्रक्रिया झाली, खाली पीठ. आणि इलेक्ट्रॉनिक ठेवलास तरी माझ्या टेबलावरचा बंद पडलेला अँप्लिफायर बसतो, इनपुट आहे, आउटपुट आहे, मधे घरघर आहे.

तो हसला आणि म्हणाला, मामा मग तूच सांग ना. आता आली पंचाईत. सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पंधरा वर्षं मालवणात मोबाईल, सीसीटीव्ही, डीटीएच सगळं उघडून बसलो, पण ही गोष्ट मला नीट कळली ती २०१९ च्या पाडव्याला, काकांच्या होडीवरच्या एका डब्यामुळे.

तो डबा म्हणजे जीपीएस. जुना, जाड, हिरवट स्क्रीनचा, काकांनी कुणाकडून तरी सेकंड हँड घेतलेला. जागा दाखवतो, जाळी टाकलेली ठिकाणं लक्षात ठेवतो, आणि भरती ओहोटीचा एक छोटा आलेख पण देतो, तारखेवरनं काढून. त्या वर्षी पाडवा ६ एप्रिलला होता, शनिवार. काकांनी होडीला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटे नेहमीसारखे निघाले. आठ वाजता फोन. "अरे ह्या डब्याक काय झाला बघ रे, माका वीस वर्सा मागे नेल्यान."

मला वाटलं काका चेष्टा करतायत. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बघितलं तर खरंच, स्क्रीनवर ऑगस्ट १९९९. जागा मात्र अगदी बरोबर! अक्षांश रेखांश बरोबर, साठवलेली ठिकाणं जिथल्या तिथे, फक्त तारीख वीस वर्षांपूर्वीची आणि त्यामुळे भरतीचा आलेख पण वीस वर्षांपूर्वीचा. अमावस्या ५ एप्रिलला झालेली, म्हणजे बाहेर उधाणाचं पाणी, आणि डबा दाखवतोय पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधीचं, भांगातनं, म्हणजे कमी चढउताराच्या पाण्यातनं, अजून नीट बाहेरही न आलेलं पाणी. काकांचं काही बिघडलं नाही म्हणा, ते तिथीवरनं पाणी ओळखतात, आलेख ते फक्त भाच्यासारख्या पोरांना दाखवायला लावायचे.

झालं होतं असं की जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत, आठवड्याचा नंबर पाठवतात, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला, आणि त्या जुन्या सिग्नलमध्ये त्या नंबराला जागा फक्त दहा बिटांची, बिट म्हणजे एक शून्य किंवा एक मावेल एवढं घर. दहा बिटांत १०२४ आकडे मावतात, शून्य ते १०२३, पुढे परत शून्य. आपल्या संवत्सरांसारखंच आहे हे, साठ नावं संपली की परत प्रभव. कुणी नुसतं संवत्सराचं नाव सांगितलं तर ते शके १९४१ चं की त्याच्या साठ वर्षं आधीचं हे नावावरनं कळत नाही, ते आपल्याला आधीच माहीत असावं लागतं. (त्या पाडव्याला लागलेल्या संवत्सराचं नाव विकारी होतं, हे मी मनचं सांगत नाहीये, पंचांग काढून बघा.) आठवड्यांची पहिली फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये संपली होती, दुसरी संपली ती ७ एप्रिल २०१९ ला आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचच्या सुमारास, म्हणजे काका बंदराच्या बाहेर पडत होते तेव्हाच. ज्या डब्यांच्या प्रोग्राममध्ये हा विचार करून ठेवला होता ते निवांत पुढे गेले. काकांचा डबा दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला जाऊन बसला.

आता दुरुस्ती काय? प्रोग्राममध्ये एक बेरीज. आठवड्याच्या नंबरात अजून १०२४ मिळव, बास. एक ओळ. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तीन वेळा केला, शेवटी उत्तर मिळालं की ते मॉडेल बंद झालंय, अपडेट येणार नाही, नवीन घ्या, एक्सचेंज ऑफर चालू आहे. एका ओळीसाठी नवीन डबा!

मग मी तो घरी आणला आणि उघडला. आत काय असणार, एक एआरएम जातीचा प्रोसेसर, म्हणजे आपल्या खिशातल्या फोनमध्ये असतो त्याच घराण्यातला, त्याच्या बाजूला रॅमची चिप, बाजूला फ्लॅश मेमरी, आणि बोर्डाच्या कडेला चार बारीक सोनेरी पॅड. असे चार पॅड दिसले की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात आपोआप सोल्डरिंग गनकडे जातो. वायरी जोडल्या, लॅपटॉपवर चार-पाच ओळी सरकल्या, आणि गप्प. मेमरी वाचायला गेलो तर कारखान्यातच कुलूप घातलेलं, आतला प्रोग्राम वाचता येत नाही, बदलायचं तर दूरच. दोन रात्री घातल्या. काका तिसऱ्या दिवशी आले, बोर्ड टेबलावर पसरलेला बघितला, आणि असा प्रश्न विचारला की मी गप्पच झालो.

"ह्येच्यात कॉम्प्युटर आसा म्हणतंस, मगे तू तेका सांगणस कित्याक नाय?"

हाच तो प्रश्न आहे बघा. स्क्रीन आहे का, कीबोर्ड आहे का, इंटरनेट आहे का, हे सगळं सोडून द्या. त्याला सांगता येतं का, आणि काय वाट्टेल ते सांगता येतं का.

भाच्याला हे समजवायला मी आईचा सोऱ्या घेतला. पितळी आहे, आजीपासूनचा. दिवाळीला माळ्यावरनं खाली येतो, सोबत चकत्यांची एक डबी, शेवेची बारीक भोकांची, गाठीची जाड, पापडीची चपटी, चकलीची चांदणी. चकती बदलली की तोच सोऱ्या वेगळं काम करतो. म्हणजे एका कामाचं यंत्र तर नाही ना हे? नाही. पण सगळ्या कामांचं पण नाही. एका वर्षी आमची चांदणी हरवली, त्या वर्षी शेजारनं चकती आणेपर्यंत आमच्याकडे चकली नाही, विषय संपला. सोऱ्या आपली चकती आपण करू शकत नाही, आणि तेल तापलंय का बघून थांबू पण शकत नाही, ते आईच बघते.

आता अशी कल्पना करा की चकती पण पिठाचीच आहे. त्याच परातीतलं पीठ, त्यातलाच एक गोळा थापून चकती केली, सोऱ्यात घातली, काम झालं की मोडून परत पिठात. आणि सोऱ्याने पीठ दाबता दाबता त्यातनं नवीन चकती पण पाडली! मग डबी नको, शेजारीण नको, जी चकती सुचेल ती. कॉम्प्युटरमध्ये हेच केलंय. प्रोग्राम म्हणजे चकती, डेटा म्हणजे पीठ, आणि दोन्ही एकाच मेमरीत, एकाच प्रकारच्या शून्य-एकमध्ये. म्हणून तर तुम्ही अॅप डाउनलोड करता तेव्हा ते आधी नुसती फाईल असते, फोटोसारखी, म्हणजे पीठ, आणि त्यावर बोट ठेवलं की तीच चकती होते.

हे आधी कागदावर मांडलं अॅलन ट्युरिंगने, १९३६ ला, जेव्हा कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसांना वापरायचे, यंत्राला नाही. त्याने म्हटलं एक लांबलचक टेप घ्या, त्यावर चिन्हं, एक डोकं जे एका वेळी एक चिन्ह वाचतं, पुसतं, लिहितं, सरकतं. अशी वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी यंत्रं करता येतील. आणि मग त्याने दाखवलं की एकच असं यंत्र करता येतं ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन टेपवर लिहून दिलं की ते त्या यंत्रासारखं वागतं. यंत्राचं वर्णन हाच डेटा! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर ओढताना थांबलो होतो, खोटं नाही सांगत. त्याच लेखात त्याने हे पण दाखवून दिलं की काही प्रश्न असे आहेत जे असलं कुठलंच यंत्र कधीच सोडवू शकणार नाही, म्हणजे सगळ्या कामांचं म्हणजे जगातलं सगळं असं नाही, जे काही पायऱ्या पायऱ्यांनी काढता येतं ते सगळं.

प्रत्यक्षात यायला बारा वर्षं गेली. मधे अमेरिकेत एनियाक झाला, खोलीभर, प्रचंड वेगवान, पण त्याला नवीन काम द्यायचं तर वायरी उपसून परत खोचायला दिवसच्या दिवस लागायचे, म्हणजे चकत्यांची डबीच, फक्त मोठी. पहिला खरा पिठाच्या चकतीवाला चालला २१ जून १९४८ ला, मँचेस्टर युनिव्हर्सिटीत. त्याला लाडाने बेबी म्हणायचे. त्याची मेमरी ऐकून भाचा खुर्चीवरनं पडायचा बाकी होता, ३२ शब्द, प्रत्येकी ३२ बिट, एकूण १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. (परत १०२४, काय योगायोग.) गणितात बेबीला फक्त वजाबाकी यायची. बेरीज करायची तर उणे करून वजा करा! पण त्याला दोन गोष्टी यायच्या, प्रोग्राम त्याच मेमरीत ठेवता यायचा, आणि आकडा उणे आहे का बघून पुढची एक सूचना गाळता यायची. म्हणजे "जर" आला, आणि मागे उडी मारता येत होती म्हणजे "परत परत" आलं. पहिला प्रोग्राम १७ सूचनांचा, २ चा १८ वा घात घेऊन, तो स्वतः सोडून त्याला भागणारी सगळ्यात मोठी संख्या शोधायची, तो ५२ मिनिटं चालला आणि उत्तर बरोबर आलं. उत्तर आधीच माहीत होतं हो, १३१०७२, कुणालाही तोंडी येईल. त्यांना उत्तर नको होतं, यंत्र ५२ मिनिटं न चुकता आपलं आपण चालतंय का ते बघायचं होतं.

तर १२८ बाइटचा बेबी जनरल पर्पज, म्हणजे सगळ्या कामांचा, आणि त्याच्या हजारो पट मेमरी असलेला काकांचा डबा? इथे माझं डोकं अडकलं होतं. चिप म्हणून बघाल तर डबा बेबीचा बाप आहे. असल्या डब्यांतल्या मुख्य चिपा आता बहुतेक तशाच असतात, कारण तेच स्वस्त पडतं. त्याची पण गोष्ट आहे, बिझिकॉम नावाच्या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी खास चिपांचा संच हवा होता, इंटेलच्या लोकांनी म्हटलं एवढ्या खास चिपा करण्यापेक्षा प्रोग्राम करता येणारी एकच करू आणि कॅल्क्युलेटरपणा मेमरीत लिहू. ती ४००४, बाजारात आली १९७१ ला, २३०० ट्रान्झिस्टर. तिथपासून वॉशिंग मशीन काय, मायक्रोवेव्ह काय, लिफ्ट काय, बहुतेकांच्या आत एक सगळ्या कामांचा माणूस बसवलेला असतो आणि त्याला जन्मभर एकच काम दिलेलं असतं. आमच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या वॉशिंग मशीनचं कार्ड हातात घेतलं की मला कधी कधी वाईट वाटतं त्या चिपचं, खरंच.

मग एकदा न्हावाशेवाचा मित्र गावी आलेला, क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे, त्याला हे सगळं सांगत बसलो तर तो म्हणाला अरे हे आमच्या टॅरिफच्या पुस्तकात लिहिलंय, म्हणजे कुठला माल कुठल्या नंबराखाली घालायचा त्या कस्टमच्या पुस्तकात. मला पटेना. कस्टमवाल्यांना ट्युरिंग कुठनं माहीत? पण त्याने काढून दाखवलं, ८४ व्या चॅप्टरच्या टिपा. कॉम्प्युटर म्हणून ८४७१ नंबरात घालायचं तर यंत्राला प्रोग्राम आणि त्याला लगेच लागणारा डेटा साठवता आला पाहिजे, वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे मोकळेपणाने प्रोग्राम करता आलं पाहिजे, त्याने सांगितलेली आकडेमोड आली पाहिजे, आणि माणसाने हात न घालता प्रोग्राम चालू असताना तर्काने निर्णय घेऊन वाट बदलता आली पाहिजे. पिठाची चकती आणि "जर", दोन्ही आलं की! वर "मोकळेपणाने" आणि "वापरणाऱ्याच्या". अकरावीच्या वहीपेक्षा कस्टमचं पुस्तक चांगलं निघालं. काकांचा डबा त्यात ८५२६, रेडिओने दिशा दाखवणारी उपकरणं, म्हणजे आत कॉम्प्युटर असला तरी ज्याचं काम एकच त्याला कामाच्या नावानेच हाक मारायची.

उलट आपला २००० सालचा आयटी कायदा बघा, त्यातली व्याख्या एवढी ऐसपैस आहे, वेगाने डेटावर प्रक्रिया करणारं आणि तर्क, गणित, स्मृती ही कामं करणारं कुठलंही यंत्र, की २००५ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने मोबाईल हँडसेटसुद्धा कॉम्प्युटर धरला. ते बरोबरच आहे, गुन्हा पकडायचा तर जाळं मोठंच लागतं. पण त्या जाळ्यात माझ्या मते वॉशिंग मशीन पण अडकेल. दोन सरकारी पुस्तकं, दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या कामापुरती बरोबर. मला विचाराल तर मी कस्टमच्या बाजूने.

कारण "मोकळेपणाने" ह्या एका शब्दावर सगळं फिरतं आणि तो चिपमध्ये नसतो. सोनीचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ३ आठवतोय? त्यावर सुरुवातीला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी दुसरी सिस्टीम, टाकायची सोय होती, अधिकृत. अमेरिकेच्या हवाई दलाने सतराशेच्या वर प्लेस्टेशन एकत्र जोडून सुपरकॉम्प्युटर केला होता. आणि १ एप्रिल २०१० ला अपडेट आलं, ती सोय काढून टाकली. अपडेट नको म्हणालात तर ऑनलाइन खेळणं बंद. आदल्या दिवशी जे कॉम्प्युटर होतं ते दुसऱ्या दिवशी गेमचा डबा, आणि आत एक स्क्रू बदललेला नाही. फोनचं पण तसंच, कुणाच्या परवानगीने काय टाकता येतं ते बघत गेलं की कळतं आपला फोन किती कॉम्प्युटर आहे. हो, किती. हो किंवा नाही असं उत्तरच नाहीये ह्याला. (आणि अगदी काटेकोर बोलायचं तर ट्युरिंगची टेप न संपणारी होती, तसली कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्यामुळे खरा सगळ्या कामांचा कुणीच नाही. पण ते वाद घालायला ठीक.)

तर डब्याचं काय झालं. त्याचे कान बंद होते पण त्याला बोलता येत होतं. अशा बहुतेक मरीन जीपीएसला मागे एक वायर असते, त्यातनं तो साधा मजकूर ओकत असतो, एनएमईए नावाच्या पद्धतीने, ४८०० बॉडच्या वेगाने, दुसऱ्या यंत्रांना कळावं म्हणून. लॅपटॉप लावला तर ओळी येत होत्या, जीपीआरएमसीने सुरू होणारी एक ओळ, त्यात वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, आणि शेवटाकडे सहा आकडे, २४०८९९. रविवारी पहाटे २२०८९९ असणार, हा तिसरा दिवस.

चारशे रुपयांचा अर्डुइनो नॅनो घेतला, म्हणजे आपण प्रोग्राम टाकू शकतो असा एक छोटासा बोर्ड. रॅम दोन केबी, म्हणजे बेबीच्या सोळा पट, तरी माझे मित्र त्याला खेळणं म्हणतात. मधे व्होल्टेज जुळवायला एक छोटी चिप, पुढे दोन ओळींचा निळा डिस्प्ले, आणि प्रोग्राम असा की ती ओळ वाच, तारीख काढ, त्यात ७१६८ दिवस मिळव, म्हणजे १०२४ आठवडे, आणि दाखव. लीप वर्षांनी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली, मान्य करतो, पहिल्यांदा एक दिवस मागे येत होतं. मग खाली दुसऱ्या ओळीत तिथी टाकली, साधा हिशोब लावून, अंदाजे, पंचांगाशी कधी कधी एकाचा फरक पडतो पण पाणी ओळखायला पुरते. सगळं एका प्लास्टिकच्या टिफिनात घातलं, भोकांना सिलिकॉन, खाऱ्या हवेचा काही भरवसा नाही.

काकांना होडीवर लावून दिला. त्यांनी आधी तारीख बघितली, मग तिथी, मग मान वर करून चंद्र, मग परत तिथी. म्हटलं आता विचारतील हा कॉम्प्युटर आहे का. नाही विचारलं. टिफिनावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले,

"ह्येका तू सांगतलंस ता आयकता मा? मगे होडयेत पाणी भरला तर शिट्टी मारतलो काय ह्यो?"

मी म्हटलं मारेल, दोन वायरी लागतील आणि एक बझर.

"आणि इंजिन तापला तर?"